काच शाबूत आहे

९ ऑगस्ट

घर तपासायला बोलावलेली बाई आज आली आणि सकाळभर नुसती ठोकत राहिली. हातात एवढीशी हातोडी, खांद्याला टॉर्च, वयाने माझ्याहून लहान. भिंत दिसली की टक टक टक! आमच्या लेकीने, ठमीने शाळेला जायच्या आत तिचं बारसं उरकलं — टकटकबाई.

बोलावली होती माळ्यावर ठमीसाठी एक खोली काढता येईल का ते विचारायला. ते राहिलं बाजूलाच. पन्हळ मागच्या बाजूने फुटलेली, पाणी बाहेर पडायच्या ऐवजी भिंतीत जातंय. ओट्याखाली ओल. जिन्याला वाळवी. वायरिंग यांच्या मुंजीच्या वयाचं. "घाबरू नका, जुन्या घरांत हे असतंच," म्हणाली. मी म्हटलं, छान! आमचं घर अगदी चारचौघांसारखं निघालं.

मग मागच्या खोलीत गेली. ठमीच्या. तिथे मात्र बोलायची थांबली. एक्स-रे बघताना डॉक्टर बोलायचे थांबले की काय समजायचं ते मला कळतं. हॉस्पिटलात ते फोटो काढते मी, गेली कितीतरी वर्षं तेच करते.

खिडकीच्या कोपऱ्यातून छतापर्यंत तडा आहे. मी दर दिवाळीच्या रंगाबरोबर तो बुजवते, तो दर वेळी परत येतो. टकटकबाईंनी तिथे ठोकलं तर डब्यासारखा आवाज. "हा गिलावा कोणी केला?"

अण्णा दारात उभे होते. सासरे माझे. छाती काढून म्हणाले, "मी! स्वतः उभा राहून करवून घेतलाय. अस्सल सिमेंट. हिला ओल सोसायची नाही, दमा होता." ही म्हणजे सासूबाई. त्या याच खोलीत गेल्या.

"आजोबा, आतली भिंत मातीची आहे. तिला वारा लागतो. तुम्ही वरून सिमेंट फासलंत, पाणी आत कोंडलं गेलं. तुळयांची टोकं त्याच पाण्यात कुजतायत."

अण्णांचा चेहरा एवढासा झाला. बायकोसाठी केलेली गोष्ट होती ती. चप्पल घालून बाहेर निघून गेले.

१० ऑगस्ट

बाई परत आल्या होत्या. तड्यावर आडव्या दोन काचा बसवून गेल्या — बोटभर रुंदीच्या पट्ट्या, दोन्ही टोकांना प्लास्टरचा ठिपका. ओल्या ठिपक्यावर खिळ्याने आजची तारीख कोरली.

"काच ताणली जात नाही. भिंत सुतभर जरी हलली तरी ती तुटते. तडा जुना आहे, कदाचित थांबलेलाही असेल. काच शाबूत राहिली तर टेकू देऊ, सिमेंट खरवडू, घर उभं राहील. तुटली तर विचार करत बसायचं नाही. खोली त्या क्षणाला रिकामी करायची आणि मला फोन. मग मागची बाजू उतरवावीच लागेल, सगळ्यांना बाहेर पडावं लागेल."

अण्णांनी विचारलं, काच किती जाडीची? त्यांचं फ्रेमचं दुकान होतं. उभा जन्म काचा कापण्यात गेला. बाईंनी सांगितलं तर म्हणाले, "कापलीय चांगली. कड सरळ आहे." एवढंच.

१२ ऑगस्ट

जेवताना विषय निघालाच. बाहेर पडायची वेळ आली तर आम्ही तिघांनी हॉस्पिटलजवळ दोन खोल्या बघायच्या आणि अण्णांनी थोरल्या भाऊजींकडे जायचं, असं हे म्हणाले. भाऊजी सातव्या मजल्यावर राहतात. मागे एकदा अण्णा तिथे राहून आले होते. "तिथे मला खिडकीत ठेवतात, कुंडीसारखं," असं तेव्हा म्हणाले होते.

आज घास खाली ठेवला. "मला आता उपटून दुसरीकडे लावू नका. या वयात मूळ धरत नाही."

"बघू," हे म्हणाले. बघू! कपाळावर गोंदवून घ्यायला हवं यांच्या. लग्न ठरवतानासुद्धा बघूच म्हणाले असणार.

१९ ऑगस्ट

काच शाबूत आहे. रोज निघायच्या आधी बघते. तिरक्या उजेडात, डोळा भिंतीला लावून. बारीक चीर समोरून बघून दिसत नाही, हाड असो की काच.

पन्हळ दुरुस्त झाली. गवंडी म्हणाला, सिमेंट खरवडायचं काम पाऊस गेल्यावर. आत्ता भिंत उघडी पाडली तर चिखल होईल.

ठमीचा पलंग खिडकीपासून लांबच्या भिंतीला सरकवला. तेवढ्यावरून फुरंगटली आहे. तिला खिडकी लागते. नववीतल्या मुलीला खिडकीतून काय दिसतं देव जाणे!

२८ ऑगस्ट

शाबूत.

४ सप्टेंबर

आज कमालच झाली. अण्णांनी हॉस्पिटलात फोन केला! फोनला हात न लावणारा माणूस. म्हटलं, पडले की काय. तर म्हणतात, "सूनबाई, तुमच्याकडे ते प्लास्टर असतं ना, हाड मोडल्यावर बांधायचं? थोडं आणशील? आजच आण."

सासूबाईंच्या फोटोच्या चौकटीचं नक्षीकाम टवके पडून गेलंय, ते भरायचं म्हणाले. खूप महिन्यांनी त्यांनी काहीतरी करायचं मनावर घेतलं, म्हणून मला बरंच वाटलं. प्लास्टरच्या खोलीतून अर्धवट उरलेली गुंडाळी मागून आणली. जाळीच्या कापडावर प्लास्टर असतं ते, झटकून घ्यावं लागतं. सगळं समजावून सांगितलं. लक्ष नव्हतं त्यांचं.

आणि रात्रीच्या जेवणाआधी हा तमाशा! घरी येते तो ठमीची पुस्तकं, कपडे, गादी सगळं पुढच्या खोलीत ढीग घालून ठेवलेलं. अण्णांनी स्वतःची वळकटी मागच्या खोलीत नेलेली. "आजपासून मी इथे झोपणार. पुढे रस्त्याचा आवाज होतो. आणि ही खोली हिची आहे, तुमची नाही."

ठमी रडली, पाय आपटले, "आजोबा, माझी खोली आहे ती!" म्हणाली. तर तिच्यावर वसकन ओरडले. या मुलीवर आवाज चढवलेले अण्णा मी आजवर पाहिले नव्हते. हे तिची गादी पसरायला लागले.

मी काच बघायला आत निघाले तर दारातच उभे. "मी बघितली. बरी आहे. दमून आलीस, चहा घे."

५ सप्टेंबर

काच शाबूत. उलट पुसून लख्ख केलेली! म्हातारपणी खोली बळकावली ती निदान स्वच्छ तरी ठेवतायत.

चीड येते. मुलीला जरा कुठे दार लावून बसायची जागा मिळाली होती. म्हातारी माणसं हट्टी होतात हे ठाऊक आहे, पण इतकी आपमतलबी?

११ सप्टेंबर

ठमी आजोबांशी बोलत नाही. तेही तिला खोलीत पाय ठेवू देत नाहीत. कंपासपेटी राहिली होती ती आणायला गेली तर उंबऱ्यातूनच परत पाठवलं, पेटी बाहेर आणून हातात दिली. "माझ्या खोलीत यायचं नाही, एकदा सांगितलेलं कळत नाही?"

पूर्वी हिचा अभ्यास घ्यायचा म्हणून दुकान लवकर बंद करणारा माणूस हा.

मी यांना म्हटलं, तुम्ही बोला वडिलांशी. बघू, म्हणाले.

१७ सप्टेंबर

मागच्या खोलीचं दार आता खाली घासतं. अण्णांनी रंधा मारला. परत घासतं. कोपऱ्यात सकाळी मातीची बारीक भुकटी पडलेली असते. मी झाडू घ्यायच्या आत अण्णा ती उचलतात.

काच? शाबूत. दोन्ही. तिरक्या उजेडात, उभ्या उजेडात, आरशात धरून — सगळं करून पाहिलं. चीर नाही.

तरी परत परत जाऊन बघते. एखाद्या पेशंटचा हात सुजलेला असतो, तो कळवळत असतो, आणि फोटोत काही दिसत नाही, तसं वाटतंय. मोठे डॉक्टर म्हणतात, फोटोवर विश्वास ठेवा, फोटो खोटं बोलत नाही.

१८ सप्टेंबर

टकटकबाईंना फोन केला. दार, भुकटी सगळं सांगितलं. "काच?" शाबूत, म्हटलं. "विचित्र आहे. पण काच शाबूत असेल तर घाई नको. तरी या आठवड्यात येऊन जाते. आणि पाऊस थांबला की जास्त जपा. भिंत वाळताना बसते."

बरं वाटलं बोलून.

२६ सप्टेंबर

टकटकबाई फिरकल्या नाहीत. फोन करायचा तर इथे डोकं वर काढायला वेळ नाही, बरोबरची रजेवर गेली आहे, दोघींचं काम माझ्या गळ्यात.

अण्णांच्या बोटाला चिंधी. "कसं कापलं?" तर म्हणे काच कापताना. फोटोला नवी काच बसवतायत. इतकी वर्षं काचा कापल्या, आता हात थरथरतो, म्हणाले. हसले. मी मलम लावून दिलं.

त्यांनी एकदम विचारलं, "ठमी झोपते ना पुढे नीट?" मी फटकन बोलले, "तुम्हाला काय त्याचं! एवढी काळजी होती तर खोली नव्हती घ्यायची."

मान खाली घालून चिंधी बांधत राहिले. मला वाईट वाटलं.

३ ऑक्टोबर

पाऊस पार थांबला. स्वच्छ ऊन. घरातली ओल कमी झाल्यासारखी वाटते. गवंडी पुढच्या आठवड्यात येतो म्हणालाय. काच शाबूत आहे! निभावलं म्हणायचं. यांनी चक्क बघू न म्हणता माळ्यावरच्या खोलीचं चित्र काढलं. ठमी त्यात खिडक्या वाढवत बसली होती. अण्णा लांबून बघत होते.

"मी कुठे जायला नको ना मग?" असं मला हळूच विचारलं. नाही हो, म्हटलं. कुठे नाही जायचं.

७ ऑक्टोबर

अण्णा गेले.

९ ऑक्टोबर

लिहायला बसले आहे कारण बाकी काही सुचत नाही.

दुपार होती. मी कामावर. ठमीला शाळा लवकर सुटली होती. तिला प्रयोगवही हवी होती, ती मागच्या खोलीतल्या फळीवर राहिलेली. आजोबा झोपलेत असं बघून ती हळूच आत गेली. ते जागे झाले आणि ओरडले. दंडाला धरून बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं. ती रागाने स्वयंपाकघरात येऊन पाणी पीत होती, तेव्हा आवाज झाला. मग धूळ. तिला वाटलं, आजोबांनी कपाट पाडलं.

मागची भिंत बाहेर गेली आणि तुळया आत आल्या. बाहेर ऊन पडलेलं, वारासुद्धा नव्हता.

त्यांना आमच्याच हॉस्पिटलात आणलं. फोटो काढायची गरज नव्हती. तरी कुणीतरी कागदावर लिहून दिलं, आणि मी यंत्रापाशी उभी होते. बरोबरच्या मुलीने मला बाजूला केलं.

१४ ऑक्टोबर

माणसं येतात, बसतात, जातात. आम्ही शेजारच्यांच्या वरच्या खोलीत आहोत. भाऊजी आले, खूप रडले. जाऊबाई म्हणाल्या, "आमच्याकडे आले असते तर आज असते." बरोबर आहे.

ठमी रडली नाही. तिचे डोळे कोरडे बघून मला भीती वाटते. आज एवढंच म्हणाली, "आजोबा माझ्याशी शेवटचं काय बोलले माहितीये? चालती हो."

१९ ऑक्टोबर

टकटकबाई आल्या. ढिगाऱ्यापाशी उभ्या राहिल्या, चेहरा पांढराफटक. पहिला प्रश्न तोच, "काच?"

"त्या दिवशी सकाळी बघितली होती. शाबूत होती," मी म्हटलं. "दोन्ही."

"शक्य नाही."

तेवढ्यावरून हे भडकले. एवढा आवाज यांचा मी कधी ऐकला नव्हता. "म्हणजे माझी बायको खोटं बोलते? तुमच्या दोन पट्ट्यांवर विसंबून आम्ही माणूस आत झोपवला! येते म्हणालात आणि आला नाहीत!"

"मी आले होते. आजोबांनी खिडकीतून सांगितलं, घरात कोणी नाही, नंतर या. काच विचारली तर म्हणाले, छान आहे."

"मेलेल्या माणसावर ढकलताय? लाज वाटत नाही?"

बाई पायरीवर बसल्या. पुन्हा पुन्हा तेच म्हणत होत्या, काच आधी जायला हवी होती, काच आधी जायला हवी होती. मला त्यांची कीव आली नाही. यायचं होतं ना परत! एकदा दार बंद म्हणून गप्प बसायचं?

२३ ऑक्टोबर

हे तक्रार देणार आहेत. बाईंचा परवाना रद्द व्हावा म्हणून. भाऊजींची सही झाली. साक्षीला मी — रोज काच बघणारी, शाबूत होती हे शपथेवर सांगणारी. सांगेन. खरंच आहे ते. मी रोज बघत होते!

बघू म्हणणारा माणूस आता रोज कुठे कुठे खेटे घालतोय. वडिलांसाठी एवढंच करता येतंय त्यांना.

२७ ऑक्टोबर

ठमीला म्हटलं, आजोबांचा एखादा फोटो ठेवू या इथे. म्हणाली, "नको. त्यांना मी नको होते, मला ते नको."

एक मुस्कटात द्यावीशी वाटली आणि जवळ घ्यावीशी पण वाटली. दोन्हीतलं काही केलं नाही.

३१ ऑक्टोबर

गवंड्याने ढिगारा उपसायला घेतला. भांडीकुंडी, ठमीची फळी, सासूबाईंचा फोटो. फोटोची काच फुटली आहे, पण ती जुनीच, डाग पडलेली. चौकटीचे टवके होते तसेच. अण्णांनी तिला हातच लावला नव्हता. मग इतके दिवस काय करत होते?

२ नोव्हेंबर

गवंड्याने आज अण्णांचा बिस्किटांचा डबा आणून दिला. पलंगाखाली होता, चेपलेला. झाकण उचकटायला पक्कड लागली.

आत काच कापायची त्यांची हिऱ्याची कलम. मी दिलेली प्लास्टरची गुंडाळी, जवळजवळ संपलेली. आणि फडक्यात बांधलेल्या काचेच्या पट्ट्या, बोटभर रुंदीच्या, ओंजळभर. सगळ्या मधोमध तुटलेल्या. टोकांना प्लास्टरचे ठिपके, प्रत्येक ठिपक्यावर तीच कोरलेली तारीख, १० ऑगस्ट. दोन पट्ट्यांचं प्लास्टर साधं आहे, टकटकबाईंचं. बाकी सगळ्यांच्या ठिपक्यांतून जाळीचे दोरे बाहेर आलेत. ते दोरे मी रोज हाताळते.

प्लास्टर आणून दिलं त्याच संध्याकाळी त्यांनी ठमीला खोलीबाहेर काढलं होतं.

हे आत कपडे करतायत. तक्रार द्यायला निघालेत. ठमी दप्तर भरतेय. डबा उघडा ठेवलाय, आणि दोघांनाही हाक मारली आहे.